किसननगरची शाखा ते नगरविकास खाते: एकनाथ शिंदे यांची कारकीर्द समजून घेताना

ठाण्यात नळजोडणी, रस्ता किंवा धोकादायक इमारतीचे काम अडले, की माणूस आधी आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे जातो. नगरसेवक आयुक्तांकडे जातो, आणि आयुक्तांच्याही हातात निर्णय नसेल तर फाइल मंत्रालयात नगरविकास खात्याकडे जाते. एकनाथ शिंदे यांच्या कारकिर्दीचा नकाशा काढला तर तो बराचसा या फाइलच्या वाटेनेच जाणारा निघतो: १९८४ मध्ये शाखाप्रमुख, १९९७ मध्ये नगरसेवक, २००१ मध्ये महापालिकेतील सभागृह नेते, २००४ मध्ये आमदार, २०१९ मध्ये नगरविकास मंत्री आणि २०२२ मध्ये मुख्यमंत्री. असे असूनही त्यांच्याविषयीची बहुतेक चर्चा शिवसेनेतल्या बंडाच्या, जून २०२२ च्या दहा दिवसांभोवती फिरते. ते दहा दिवस महत्त्वाचे होतेच, आणि त्यांतला कायद्याचा भाग किचकट असल्यामुळे या लेखात त्याला भरपूर जागा द्यावी लागणार आहे. मात्र चाळीस आमदार एका माणसामागे का गेले, याचे उत्तर त्या दहा दिवसांत सापडत नाही; ते आधीच्या पंचवीस वर्षांत शोधावे लागते.

सुरुवात ठाण्यापासूनच करावी लागेल. शिवसेनेची स्थापना १९६६ ची, आणि पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्षाला पहिल्यांदा सत्ता मिळाली. वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. मुंबईच्या आधी ठाणे, हा अभिमान इथल्या शिवसैनिकांच्या बोलण्यात आजही डोकावतो, आणि ‘शिवसेनेचे ठाणे, ठाण्याची शिवसेना’ ही घोषणा त्यातूनच रुजली. १९८२ मध्ये महापालिका अस्तित्वात आली आणि १९८६ च्या निवडणुकीनंतर सतीश प्रधान शहराचे पहिले महापौर झाले. त्याच काळात आनंद दिघे यांनी जिल्हाप्रमुख म्हणून जी संघटना उभी केली, ती निवडणुकीपुरती नव्हती. टेंभीनाक्यावरच्या आनंद आश्रमात लोक तक्रारी घेऊन येत. भाडेकरूचा वाद, शाळेतला प्रवेश, नवऱ्याची मारहाण, असे काहीही. दिघे यांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. पद नसलेल्या माणसाचा शब्द पदावरच्या माणसांना मानावा लागतो, ही ठाण्याची जुनी रीत तिथेच पक्की झाली. तिच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलता येईल, पण ती लक्षात न घेता ठाण्याचे राजकारण कळणे अवघड आहे.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये ज्या वागळे इस्टेटमध्ये झाली, तिथल्या कारखान्यांच्या आधाराने किसननगरसारख्या वस्त्या वाढल्या आणि सातारा, कोकण व खानदेशातून आलेली कुटुंबे तिथे स्थिरावली. शिंदे यांचे कुटुंब त्यांपैकीच एक. शिक्षण अर्धवट राहिले, काही काळ त्यांनी रिक्षा चालवली आणि दिघे यांच्या प्रभावाखाली ते शिवसेनेत आले. राहून गेलेली पदवी त्यांनी पुढे मंत्री असताना मुक्त विद्यापीठातून घेतली. ‘रिक्षावाला मुख्यमंत्री’ हे बिरुद समर्थकांनी कौतुकाने आणि विरोधकांनी हिणवण्यासाठी इतके वापरले आहे, की त्यामागचा साधा अर्थ हरवतो. शाखाप्रमुख हे पगार नसलेले पद असते. पाणी आले नाही, रुग्णवाहिका मिळाली नाही, पोलीस ठाण्यात कोणी अडकले, तर रात्री दार वाजते ते त्याचे. ज्याच्या दारी रोज शंभर माणसे येतात त्याला मतदारयादी वेगळी पाठ करावी लागत नाही.

१९९७ मध्ये ते नगरसेवक झाले. इथे महापालिकेची रचना थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचे बरेच काही तिच्यातून उलगडते. महापौर शहराचा प्रथम नागरिक असला, तरी कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार, म्हणजे प्रत्यक्षात नगरविकास खाते, करते. खर्चाच्या मंजुरीची नाडी स्थायी समितीच्या हाती असते. महासभेत कोणता ठराव कधी आणायचा, कोणाला बोलू द्यायचे, विरोधकांशी कुठे जमवून घ्यायचे, हे सत्ताधारी पक्षाच्या वतीने सभागृह नेता ठरवतो. विकास आराखड्यातले बदल, आरक्षणे उठवणे आणि बांधकामाची नियमावली या मोठ्या गोष्टींवर मात्र अंतिम शिक्का मंत्रालयाचाच लागतो. म्हणजे महापालिकेत बरीच वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पुरती उमगलेली असते: भाषणे पालिकेत होतात, पण कुलपाची किल्ली मंत्रालयात असते.

२००० मध्ये शिंदे यांच्या दोन मुलांचा बुडून मृत्यू झाला आणि ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. त्यांना परत ओढून आणण्यासाठी दिघे यांनी सभागृह नेतेपद दिले, हे शिंदे यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यानंतर काही महिन्यांतच, २६ ऑगस्ट २००१ रोजी, दिघे यांचे निधन झाले. जिल्ह्यातली ती जागा कोणा एकाला आयती मिळाली नाही, पण २००४ मध्ये ठाण्याचे आमदार आणि पुढच्या वर्षी जिल्हाप्रमुख, अशी दोन्ही पदे हाती आल्यावर शिंदे हेच तिथले केंद्र बनले. आमदारकी आणि संघटना एकाच हातात एकवटणे ही दिघे यांच्या काळापेक्षा निराळी गोष्ट होती, आणि माझ्या मते त्यांच्या वाढीतले हे सर्वांत कमी चर्चिले गेलेले वळण आहे. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ पासून ते कोपरी-पाचपाखाडीतून निवडून येत आहेत.

२०१४ ची गंमत अशी, की नोव्हेंबरमध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि शिवसेना सत्तेत सामील झाल्यावर डिसेंबरमध्ये त्याच सरकारात मंत्री. मिळालेले खाते होते सार्वजनिक बांधकाम, त्यातही ‘सार्वजनिक उपक्रम’ हा भाग. नाव कंटाळवाणे आहे, पण त्याखाली रस्ते विकास महामंडळ येते आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग याच महामंडळाचा प्रकल्प. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी दहा जिल्ह्यांतून जमीन घ्यायची होती. त्यानिमित्ताने ठाण्यापुरता ओळखला जाणारा हा मंत्री मराठवाडा आणि विदर्भातल्या आमदारांच्या नित्य संपर्कात आला. या महामार्गाचे मुंबईकडचे टोक ठाणे जिल्ह्यातच, भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे आहे. जानेवारी २०१९ मध्ये आरोग्य खातेही त्यांच्याकडे आले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाविकास आघाडीचे सरकार आले आणि उद्धव ठाकरे यांनी नगरविकास खाते शिंदे यांच्याकडे सोपवले. आधीच्या पाच वर्षांत देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री म्हणून ते स्वतःकडे ठेवले होते, यावरून त्याचे वजन लक्षात यावे. राज्यातल्या महापालिका, नगरपालिका, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) यांच्याशी संबंधित निर्णयांची वाट या खात्यातून जाते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली मंजूर झाली. सामान्य वाचकाला ही तांत्रिक बाब वाटेल, परंतु कोणत्या भूखंडावर किती मजले चढतील हे तिच्यावर ठरते, आणि म्हणून शहरी भागातल्या प्रत्येक आमदाराला नगरविकास मंत्र्यांची भेट घ्यावीच लागते. ठाण्यात या खात्याशी जोडलेला सर्वांत जुना प्रश्न क्लस्टरचा, म्हणजे अनधिकृत आणि धोकादायक इमारतींच्या समूह पुनर्विकासाचा. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळ परिसरात बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला, तेव्हा या मागणीला धार आली. शिंदे आमदार म्हणून हा विषय विधानसभेत लावून धरत होते. त्याच विषयाची फाइल आता त्यांच्याच टेबलावर येऊ लागली.

नवी मुंबईत मात्र त्यांना ठाण्यासारखी मोकळी वाट कधीच नव्हती. तिथे गणेश नाईक यांचा स्वतंत्र पाया आहे. ते शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि २०१९ मध्ये भाजपत गेले, तरी तो पाया त्यांच्यासोबत फिरला. विमानतळाच्या नावाचा वाद हे याचे चांगले उदाहरण ठरेल. २०२१ मध्ये सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यावेळी सिडको शिंदे यांच्याच खात्याखाली होती. प्रकल्पग्रस्त भूमिपुत्रांना आपले नेते दि. बा. पाटील यांचे नाव हवे होते आणि २४ जून २०२१ रोजी बेलापूरला त्यांनी मोठे आंदोलन केले. पुढच्या वर्षी ठाकरे सरकारने आपल्या अखेरच्या बैठकीत पाटील यांच्या नावाला मान्यता दिली आणि शिंदे यांनी मुख्यमंत्री झाल्यावर तोच निर्णय नव्याने घेतला. बाळासाहेबांचे नाव सोडण्याची वेळ दोन्ही बाजूंवर आली, हे त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

आता जून २०२२. २० तारखेला विधान परिषदेची निवडणूक झाली, सत्ताधारी आघाडीची मते फुटल्याचे निकालातून दिसले आणि त्याच रात्री शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले; तिथून गुवाहाटी. ठाण्यात ‘गद्दार’ हा शब्द फार जड आहे. १९८९ मध्ये मते फुटल्यामुळे शिवसेनेच्या हातून महापौरपद निसटले होते, तेव्हापासूनच्या आठवणी त्याला चिकटलेल्या आहेत. तोच शब्द आता शिंदे यांच्यावर उलटला. त्यांनी आपल्या कृतीला ‘उठाव’ म्हटले आणि काँग्रेस-राष्ट्रवादीशी केलेली आघाडी हीच मूळ विचारांशी प्रतारणा होती, अशी भूमिका घेतली. शब्दांची ही लढाई राजकीय होती, पण खरा पेच कायद्याचा होता.

पक्षांतरबंदी कायदा म्हणजे संविधानाची दहावी अनुसूची, १९८५ मध्ये आलेली. तिच्यानुसार आमदाराने स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मतदान केले, तर तो अपात्र ठरू शकतो. मूळ कायद्यात एक पळवाट होती: एकतृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि ते वाचत. २००३ च्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काढून टाकली. उरले ते फक्त विलीनीकरण, म्हणजे दोनतृतीयांश आमदारांच्या संमतीने दुसऱ्या पक्षात सामील होणे. शिवसेनेचे ५५ आमदार होते, त्यामुळे सगळी माध्यमे ३७ चा आकडा मोजत बसली होती. ‘दोनतृतीयांश झाले की सुटले’ असे त्या दिवसांत नाक्यानाक्यावर ऐकू येत होते, पण ते अर्धेच खरे आहे. नुसती संख्या पुरत नाही, विलीन व्हावे लागते. आणि शिंदे यांच्या गटाला कुठेही विलीन व्हायचेच नव्हते.

घरातल्या भांडणाचा दाखला घेतला तर हे लवकर समजेल. एकत्र कुटुंबात भावाने वाटणी मागितली तर ती फूट. सगळे बिऱ्हाड उचलून तो दुसऱ्याच्या घरी राहायला गेला तर ते विलीनीकरण. आणि ‘मी कुठेच गेलेलो नाही, हे घर माझेच आहे, दारावरची पाटीही माझीच’ असे त्याने उंबऱ्यावर उभे राहून सांगितले, तर तो तिसराच प्रकार. शिंदे यांनी हा तिसरा दावा केला. त्यामुळे ‘पक्ष कोणी सोडला’ हा प्रश्न मागे पडून ‘पक्ष कोणाचा’ हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे तुकडे तीन वेगवेगळ्या दारांत गेले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांचा, नाव व चिन्हाचा निवडणूक आयोगाचा, आणि बहुमताची चाचणी घ्यायला सांगण्याचा अधिकार राज्यपालांचा. तिन्ही निर्णयांवर सर्वोच्च न्यायालय लक्ष ठेवू शकते, पण सहसा निर्णय झाल्यानंतर. ज्या दारात निर्णय आधी होईल त्याचा फायदा पुढच्या दारात मिळतो, हे त्या वेळी वकिलांना जितके ठाऊक होते तितके सामान्य माणसाला नव्हते.

अध्यक्षपद तेव्हा रिकामे होते आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. त्यांच्यापुढे सोळा आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका आल्या. बंडखोर गटाने त्यांनाच हटवण्याची नोटीस दिली. अशी नोटीस प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याने अपात्रतेवर निर्णय देऊ नये, असा २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदतवाढ दिली. दरम्यान राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगितले, न्यायालयाने ती थांबवली नाही, आणि २९ जूनच्या रात्री ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि ४ जुलैला सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला. त्याच आठवड्यात ठाणे महापालिकेतले शिवसेनेचे ६७ पैकी ६६ नगरसेवक शिंदे यांच्याकडे आले. पालिकेची मुदत मार्चमध्येच संपलेली असल्यामुळे ते खरे तर माजी नगरसेवक होते, पण शाखांच्या दृष्टीने हा आकडा विश्वासमताहून कमी बोलका नव्हता.

निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. अशा वादात आयोग पक्षाची उद्दिष्टे, पक्षाची घटना आणि बहुमत या तीन कसोट्या पाहतो. १९६९ च्या काँग्रेस फुटीच्या वेळी त्या घडल्या आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मान्यता दिली. आयोगाच्या मते पहिल्या दोन कसोट्यांवर निवाडा होण्यासारखा नव्हता, म्हणून ५५ पैकी ४० आमदार आणि १३ खासदार हे बहुमत निर्णायक ठरले. टीकाकारांचा आक्षेप असा, की ज्यांच्या अपात्रतेचा निकालच लागलेला नाही त्यांचीच डोकी मोजून पक्ष देणे म्हणजे उत्तराआधी गुण देण्यासारखे आहे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की निवडून आलेले लोकप्रतिनिधी ही एकमेव मोजता येणारी संख्या आहे. शिवसैनिकांची खरी यादी कोणाकडे असते? तेही अगदी उडवून लावण्यासारखे नाही.

११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल दोन्ही बाजूंनी आपला विजय म्हणून साजरा केला, आणि तो वाचला की असे का झाले ते कळते. प्रतोद, म्हणजे व्हिप बजावणारा आमदार, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाही, म्हणून शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरली. चाचणी घ्यायला सांगण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, असेही न्यायालयाने म्हटले. मात्र ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिलेला असल्यामुळे त्यांना पुन्हा बसवता येणार नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी वेळेत घ्यावा, असे ठरले. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी पक्षाची १९९९ ची घटना ग्राह्य धरून शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला. कोणत्याही बाजूचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

मुख्यमंत्रिपदाचा काळ तुलनेने सर्वांच्या आठवणीतला आहे, म्हणून थोडक्यात. पहिले चाळीस दिवस मंत्रिमंडळात शिंदे आणि फडणवीस असे दोघेच होते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या महाराष्ट्रभूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले, आणि ऑगस्टमध्ये महापालिकेच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्णांचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या शहरातल्या या रुग्णालयाची अवस्था पाहून प्रश्न विचारले गेले, आणि ते योग्यच होते. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचा मोर्चा मुंबईच्या वेशीवर आला तेव्हा वाशीला जाऊन मनोज जरांगे यांच्या हाती अधिसूचनेचा मसुदा देण्याची त्यांची पद्धत मात्र अस्सल शाखाप्रमुखाची होती: कार्यालयात बोलावण्यापेक्षा जागेवर जाणे. लोकसभेत पक्षाला सात जागा मिळाल्या. ठाणे आणि कल्याण त्यांत होत्या. त्यानंतर महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना आली.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ जागा मिळाल्या, ठाकरे गटाला २०. कोपरी-पाचपाखाडीत त्यांच्यासमोर आनंद दिघे यांचे पुतणे केदार दिघे उभे होते. शिंदे एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. पण भाजपच्या १३२ जागा झाल्यामुळे मुख्यमंत्रिपद फडणवीस यांच्याकडे गेले आणि ५ डिसेंबरला शिंदे यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. उपमुख्यमंत्री हे पद संविधानात नाही. कायद्याच्या दृष्टीने तो इतरांसारखाच एक मंत्री असतो आणि त्याचे वजन त्याच्याकडच्या खात्यावरून ठरते. गृहखात्यासाठी झालेली रस्सीखेच सर्वांनी पाहिली. ते मिळाले नाही. खातेवाटपात त्यांच्याकडे राहिले नगरविकास, आणि सोबत आले गृहनिर्माण. ज्या किसननगरच्या शाखेतून ते निघाले, तिथल्या क्लस्टरचे भूमिपूजन त्यांनी जून २०२३ मध्ये मुख्यमंत्री म्हणून केले होते. ते काम सिडकोकडे आहे, आणि सिडकोच्या फाइली नगरविकास खात्यात येतात.